सिल्येचा हात

दिवा हिरवा झाला तरी मारेन हलली नाही, तेव्हा मागून एकदम चार-पाच घंट्या वाजल्या. नोरेब्रोच्या रस्त्यावर, सकाळी सगळं कोपनहेगन कामाला निघालेलं असताना, सायकलींच्या पट्टीत असं मधोमध थांबून राहणं म्हणजे लोकांच्या शिव्या मागून घेणंच. सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं कोंबलेली एक बाई शेजारून जाता जाता म्हणाली, "झोप राहिली असेल तर घरी जाऊन काढ की बाई!" एरवी मारेननं तिला उलट काहीतरी ऐकवलं असतं. पण तिची नजर कोपऱ्यावरच्या बेकरीच्या काचेला चिकटली होती. काचेवर नाताळचे लाल-पांढरे कागदी बदाम टांगले होते आणि त्यांच्या फटीतून आतलं एक टेबल दिसत होतं. टेबलाशी सिल्ये बसली होती. तिच्यासमोर विगा, यंदाच संघात आलेली, गालांवर अजून शाळकरी गुलाबीपणा असलेली. आणि सिल्येनं विगाचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला होता. मैत्रिणी कॉफी पिताना घेतात तसा नाही. तळव्याला तळवा, अंगठा खालून घातलेला, मनगट ताठ. सिल्येनं तो हात कमरेपर्यंत मागे ओढला आणि झटकन पुढे लोटला. कप हलला, बशीत कॉफी सांडली, विगा खळखळून हसली. सिल्येनं मान हलवली आणि पुन्हा तोच हात तसाच धरला.

ती पकड मारेनची होती. म्हणजे जगात सायकलींची जोडीची शर्यत धावणाऱ्या सगळ्यांचीच ती असते, पण सिल्येला ती मारेननं शिकवली होती, चार हिवाळ्यांपूर्वी, बालेरुपच्या लाकडी ट्रॅकवर. जोडीच्या शर्यतीत एक जण खाली जीव तोडून धावत असतो, दुसरा वर, उतरत्या ट्रॅकच्या वरच्या कडेला, दम खात फिरत असतो. पाळी बदलताना वरचा खाली उतरतो, मागे न बघता डावा हात मागे धरतो, आणि खालून सुसाट येणारा जोडीदार तो हात पकडून त्याला पुढे फेकतो. आपला सगळा वेग त्याच्या अंगात ओततो आणि स्वतः मोकळा होतो. मागे बघायचं नसतं, हा त्यातला पहिला धडा. जो बघतो तो पडतो आणि चार जणांना पाडतो. तेव्हा हात येईलच असं धरून चालायचं. काल रात्री सिल्येचा निरोप आला होता: उद्या सकाळच्या सरावाला नाही येत, दाढ ठणकतेय, डॉक्टरकडे जाते, आपण दुपारी करू. मारेननं 'काळजी घे' असं लिहून वर एक हृदयसुद्धा पाठवलं होतं. आता तिला त्या हृदयाचा फार राग आला.

ती घराकडे निघाली. थंडीनं कान बधिर झाले होते, पण डोक्यात सगळं लख्ख चाललं होतं. मार्चमध्ये जागतिक स्पर्धा, इथंच, घरच्या ट्रॅकवर, घरच्या लोकांसमोर. शनिवारी संध्याकाळी क्लबांची शर्यत, आणि ती झाली की एस्किल जोडी जाहीर करणार. एस्किल म्हणजे प्रशिक्षक. थंड माणूस, घड्याळाकडे बघून बोलणारा. सिल्येची जागा पक्की, त्यात कुणाला शंका नव्हती. प्रश्न होता तो तिच्या जोडीला कोण, एवढाच, आणि तो प्रश्न आहे हेच मारेनला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. आता मात्र मागचे सगळे दिवस तिच्यासमोर उलटे चालत आले. मागच्या आठवड्यात ती खोलीत शिरली आणि एस्किल बोलता बोलता थांबला, तो का? विगानं तिला विचारलं होतं, "तू पुढच्या वर्षी काय करणार आहेस?" हे असं कुणी कुणाला विचारतं? संघाच्या नाताळआधीच्या जेवणाला सिल्ये तिच्या शेजारी न बसता समोर बसली होती. म्हणाली, इथून डुकराच्या भाजलेल्या मांसाचं ताट जवळ पडतं. सगळं खरंच होतं आणि त्या सगळ्याला आता खोटेपणाचा वास येत होता.

घरी येऊन तिनं काळ्या पावाच्या दोन फोडी घेतल्या, त्यांवर लिव्हरची पेस्ट फासली आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्ल्या. संशय घ्यायची सवय तिला आजची नव्हती. ती घरातूनच आली होती. तिचा बाप होल्गर हिवाळाभर सहा-सहा दिवसांच्या शर्यती धावायचा, या शहरातून त्या शहरात. सिगारच्या धुरात, बिअरच्या वासात, बँडच्या तालावर पहाटेपर्यंत धावायचा आणि घरी आला की लहानग्या मारेनला मांडीवर घेऊन सांगायचा, "लोक ओरडतात ना, त्यांना वाटतं आम्ही जिंकण्यासाठी धावतो. कोण जिंकणार ते बऱ्याचदा दुपारीच ठरलेलं असतं, सूप पिता पिता." खरं-खोटं देव जाणे, होल्गरला गोष्ट रंगवायची खोड होती. पण पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री ती मुलगी झोपली नाही. टाळ्या वाजवणारे हजारो लोक आणि दुपारी सूप पिणारे चार पुरुष, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही. पुढे आई दुसऱ्या गावी राहायला गेली तेव्हाही तिला वाटलं, हे आधीच ठरलेलं असणार, आपण तेवढे टाळ्या वाजवत बसलो.

तिनं त्याला फोन लावला. होल्गर आता म्हातारा झाला होता आणि उन्हाळा-हिवाळा बागेतल्या लाकडी खोलीतच पडून असायचा.

"बाबा, सिल्ये मला फसवतेय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि बेकरीत त्या नव्या पोरीला हात शिकवत होती."

"बेकरीत? दाढ दुखत असताना?" होल्गर खोकत हसला. "मग केक तरी मऊ घेतला असेल बिचारीनं."

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. तू तिला विचारलंस का?"

"विचारल्यावर खरं कोण सांगतं?"

पलीकडे त्यानं कपात काहीतरी ओतलं. मग म्हणाला, "शनिवारी येतोय मी. थर्मासमध्ये कॉफी आणतो. तुमच्या तिथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी." विषय बदलायची ही त्याची जुनी रीत होती, आणि तिला तीही संशयास्पद वाटली. त्यालाही काही माहीत असेल का? एस्किलशी त्याची ओळख होतीच की.

दुपारी ट्रॅकवर जाईपर्यंत ती आपल्या सगळ्या आयुष्यावरून असाच हात फिरवत राहिली. वर्तमानपत्रवाल्यांनी तिला पहिल्यापासून एकच शब्द चिकटवला होता, अष्टपैलू. चौघींच्या सांघिक शर्यतीत ती होती, गुणांच्या शर्यतीत ती होती, घड्याळाविरुद्ध एकटीनं धावायच्या शर्यतीत ती होती, आणि उन्हाळा आला की रस्त्यावर होतीच. सुरुवातीला त्या शब्दानं तिला गुदगुल्या व्हायच्या. मग एका परदेशी संघानं तिला घेतलं, ते ती सगळं करते म्हणून. बाटल्या आणायला मारेन, पुढे पळालेल्यांना गाठायला मारेन, शेवटच्या वळणापर्यंत दुसरीला वाऱ्यापासून झाकून न्यायला मारेन, आणि मग बाजूला व्हायला मारेन. शर्यत संपल्याच्या किती तरी फोटोंत ती आहे: पुढे कुणीतरी दोन्ही हात वर केलेली, आणि मागे कडेला, धूसर, पाय सोडून दिलेली मारेन. एकदा पावसातल्या एका शर्यतीत कानातल्या यंत्रावर आवाज आला, 'थांब.' ती थांबली. तिच्या संघातली दुसरी गेली ती जिंकूनच आली. संध्याकाळी कुणीतरी जेवता जेवता बोलून गेलं की तो 'थांब' बाकी कुणालाच ऐकू आला नव्हता. म्हणजे तो तिच्या एकटीसाठी होता. ती त्या रात्री कुणाशी बोलली नाही आणि मोसम संपल्यावर संघ सोडून घरी आली, ट्रॅकवर. जोडीची शर्यत तिनं मुद्दाम धरली. त्यात एकीला बाजूला सारून दुसरी जिंकूच शकत नाही, असं तिला वाटलं होतं.

सिल्ये आधीच आली होती. सायकलच्या दांड्यावर बसून ती खारट काळ्या लिकरिसच्या गोळ्या चघळत होती.

"काय, दाढ कशी आहे?" मारेननं विचारलं.

"बरी आहे. साफ केली नुसती."

"आणि लगेच लिकरिस?"

"दुसऱ्या बाजूनं खातेय." सिल्येनं गाल फुगवून दाखवला आणि पाकीट पुढे केलं. "घे ना. चेहरा असा का केलायस, हेरिंग मासळी नासल्यासारखा?"

मारेननं घेतलं नाही. लाकडी ट्रॅकवर चाकांचा तो ओळखीचा घरघराट सुरू झाला, आणि पहिल्याच फेकीला तिनं इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. तिनं सगळं लक्ष पुढच्या रस्त्यावरून काढून आपल्या डाव्या हातात नेलं. सिल्येचा तळवा आला, पकड बसली, ओढ लागली, आणि मग ढकल. ढकल आली, पण शेवटी, जिथं खांद्यातून झटका यायला हवा, तिथं काहीच आलं नाही. दार अर्ध्यावर हळूच लोटून घ्यावं तसं. दुसऱ्या फेकीलाही तेच, तिसरीलाही तेच. वर जाऊन दम खाताना मारेनचं अंग रागानं तापलं. एस्किल खाली घड्याळ धरून उभा होता. त्याला काय दिसणार? मारेन पाळीत उतरते आणि वेग पडतो, एवढंच दिसणार. सिल्ये तिला एस्किलच्या डोळ्यांदेखत म्हातारी करत होती, तेही हसत हसत, लिकरिस चघळत. मारेनला तिच्या धूर्तपणाचं कौतुकसुद्धा वाटलं. ही आपलीच विद्यार्थिनी, असं वाटलं.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. सिल्ये बुटाची पट्टी सोडत होती.

"सकाळी बेकरीत होतीस तू," मारेन म्हणाली.

सिल्येचा हात पट्टीवर थांबला. "कोणी सांगितलं?"

"माझ्या डोळ्यांनी."

"बरं." सिल्ये ताठ बसली. "एस्किल म्हणाला, विगाला हात शिकव. राखीव म्हणून. तुला सांगू नको असं तो म्हणाला नव्हता, ती अक्कल माझी. शनिवारनंतर सांगणार होते. दाढेचं खोटं होतं. मला खोटं बोलता येत नाही, माहितेय मला, म्हणून बोलायला नको असं तोंडात लिकरिस कोंबलं, तर त्यातही पकडलंस."

"आणि मला हलकं फेकतेस ते? तीही तुझीच अक्कल?"

आता मात्र सिल्येचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं मारेनकडे बघितलं नाही.

"तुला कळलं ते?"

"माझ्या हाताला कळणार नाही असं वाटलं तुला?"

"आज कळलं ना पण?" सिल्ये हळूच म्हणाली. "मारेन, मी गेल्या हिवाळ्यापासून हलकंच फेकतेय."

बाहेर ट्रॅकवर कुणाची तरी चाकं फिरत होती, आवाज जवळ यायचा, लांब जायचा. मारेन बाकावर बसली.

"बर्लिन आठवतं?" सिल्ये म्हणाली. "मी पूर्ण जोरानं फेकलं तुला आणि तुझं पुढचं चाक नाचायला लागलं. वाचलीस कशीबशी. उतरल्यावर म्हणालीस, वाऱ्याचा झोत आला. अगं, बंद हॉल होता तो! वारा कुठून येणार, एस्किलच्या तोंडातून? मला वाटलं एक दिवस वाईट असतो. मग दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. एकदा मी सहज कमी जोर लावला, तर तू अशी निघालीस, लोण्यातून सुरी फिरवावी तशी. तेव्हापासून तेवढाच लावते. राहिलेलं मी माझ्या पाळीत भरून काढते."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? एस्किलला सांगितलं असतं तर त्यानं तुला त्याच दिवशी बसवलं असतं."

आपल्याला कुणी फसवत होतं, हे मारेनला झेपलं असतं. त्याची तिला आयुष्यभराची तयारी होती. कसं ताठ उभं राहायचं, काय बोलायचं, कुठला संघ सोडायचा, सगळं पाठ होतं. पण सबंध वर्षभर कुणीतरी आपल्याला सांभाळून घेत होतं, पावलापावलाला, हजारो लोकांसमोर, आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे तिला गिळवेना. तिला सिल्येचा राग आला, जेवढा सकाळी आला होता त्याहून जास्त. वसंतात दोघींना मिळालेलं कांस्यपदक आठवलं. गळ्यात पडलं तेव्हा ती रडली होती. ते मग कुणाचं होतं? उन्हाळ्यात एका मुलाखतीत ती म्हणाली होती, 'या वयात मी पूर्वीपेक्षा जास्त सहजपणे धावते.' शेजारी बसलेली सिल्ये तेव्हा आपल्या बुटांकडे बघत होती. दुसऱ्यांचे हात तपासता तपासता आपले पाय तपासायचे राहूनच गेले होते.

"शनिवारी मला पूर्ण जोरानं फेक," ती म्हणाली.

"मारेन..."

"पूर्ण. एकही हलकं नको. नाहीतर मी आत्ता जाऊन एस्किलला सांगते."

"तुला वेड लागलंय," सिल्ये म्हणाली, पण तिनं होकारार्थी मान डोलावली.

शनिवारी हॉल गच्च भरला. होल्गर वळणावर पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर थर्मास, डोक्यावर जुनी लोकरीची टोपी. मारेननं त्याच्याकडे बघून हात केला आणि मग कुणाकडेच बघितलं नाही. सिल्येनं शब्द पाळला. पहिली फेक आली ती खांद्यातून आली, हाडापर्यंत. मारेन सुटली तशी तिला आपल्या तरुणपणाची आठवण झाली. असं वाटलं की सगळं खोटं होतं, बर्लिन खोटं, सिल्ये खोटी, हे बघा पाय फिरताहेत. फेरीभर फिरलेही. दुसऱ्या फेकीला चाक किंचित नाचलं. तिसऱ्या फेकीला तिला दिलेला वेग तिच्या पायांच्या पुढे पळाला. पायडल तिला फिरवत होते, ती पायडलना नाही. समोरचीच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावरून ती कशीबशी वर सटकली. लोक 'आ' करून ओरडले. ठरावीक फेऱ्यांनी येणारी गुणांची धाव हुकली. पुढची पाळी घ्यायला ती खाली उतरली. डावा हात मागे धरला आणि तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाची भीती. आणि हात आला तो हलका आला. इतकं सांगून, बजावून, धमकी देऊन, एस्किलच्या डोळ्यांसमोर, सिल्येनं तिला हळूच सोडलं. मारेन निघाली. गर्दीतून वाट मिळत गेली, कुठल्या फटीत शिरायचं ते तिच्या डोक्याला नेहमीसारखं आधीच कळत गेलं, आणि पुढच्या गुणांच्या धावेत ती पहिली आली. हॉल दणाणला. पुढच्या प्रत्येक पाळीला तसंच. सिल्ये आपल्या पाळीत दात आवळून दोघींचं धावत होती. वर दम खाताना मारेन आता तिचे पाय बघत होती, आणि ते बघणं तिला सहन होत नव्हतं. शेवटी दोघी दुसऱ्या आल्या.

ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या टेबलापाशी एस्किल आला. सिल्ये खाली बसून धापा टाकत होती, तिच्या ओठांवर रंग नव्हता. विगानं दोघींच्या अंगावर जाकिटं टाकली.

"छान," एस्किल म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द वर्षातून एखादा यायचा. "मार्चला तुम्ही दोघी. सोमवारी जाहीर करतो." मग घड्याळाकडे बघत म्हणाला, "सुरुवातीला काय झालं पण? दोन-तीनदा डळमळलीस तू."

"माझा हात घसरला," सिल्ये खालूनच, श्वास घेत म्हणाली. "घामानं. माझी चूक."

मारेननं तिच्याकडे बघितलं. सिल्येला खरंच खोटं बोलता येत नव्हतं. बोलताना ती जमिनीकडे बघत होती. एस्किलला ते दिसलं नाही, तो विश्वास ठेवून मोकळा झाला होता आणि वळून चाललाही होता. फक्त गप्प राहायचं होतं. मार्च, घरचा ट्रॅक, वळणावर बाबा. तीन महिने काही ऐकू न आल्यासारखं दाखवायचं, एवढंच. दुपारी सूप पिणाऱ्या त्या पुरुषांना हे किती सोपं गेलं असेल, असं तिला वाटलं.

"एस्किल," तिनं हाक मारली. "तिचा हात घसरला नाही."

"मारेन, गप्प बस," सिल्ये म्हणाली.

"ती पूर्ण फेक होती. ती मला आता झेपत नाही. मधे हिनं हलकं फेकायला सुरुवात केली म्हणून आम्ही दुसऱ्या आलो. वर्षभर हेच चाललंय. माझ्या वाटचंही हीच धावते. मार्चपर्यंत ती मोडून पडेल."

"गप्प बस ना गं!" सिल्ये ओरडली आणि तिला रडू फुटलं. "तुला काय गरज होती बोलायची? जमत होतं ना आपलं!"

एस्किलनं मारेनकडे बघितलं. घड्याळाकडे त्यानं बघितलं नाही. त्यानं विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, मग विगाला म्हणाला, "उद्या सकाळी ये. सिल्येला दोन दिवस विश्रांती. तोवर हात तुला मारेन शिकवेल." विगाचा चेहरा पांढरा पडला. ती आनंदानं नाचली असती तर मारेनला बरं वाटलं असतं. पण विगा नुसती तिथंच उभी राहिली, कुणाचं सांत्वन करावं ते न कळून, आणि शेवटी तिनं सिल्येला पाण्याची बाटली दिली. सिल्येनं ती घेतली नाही. ती डोळे न पुसता मारेनकडे बघत होती, उघड उघड, रागानं आणि प्रेमानं. मारेननं एकेकाचा चेहरा पाहिला, नेहमीच्या सवयीनं, मागे काही लपलंय का ते शोधत. तिथं काहीच लपलेलं नव्हतं. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचंच तिला रडू आलं.